आयफोन १३ : आयपी६८च्या भरवशावर पावसाळा काढता येतो का?

सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या आयफोन १३च्या कॅमेऱ्याबद्दल, बॅटरीबद्दल आणि वेगाबद्दल आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्याची उजळणी येथे करत नाही. हे परीक्षण या फोनच्या एकाच गुणापुरते आहे, आणि तो गुण म्हणजे पाण्यासमोर टिकून राहण्याची त्याची क्षमता. भारतात ७९,९०० रुपयांपासून विकल्या गेलेल्या या फोनच्या माहितीपत्रकात ‘आयपी६८, सहा मीटर खोलीपर्यंत, ३० मिनिटांपर्यंत’ अशी नोंद आहे; आयपी६८ हे धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाचे मानांकन. दुकानात गेल्यावर मात्र काउंटरवरचा मुलगा ‘एकदम वॉटरप्रूफ आहे, साहेब, बिनधास्त वापरा’ असे सांगून मोकळा होतो. गेले काही पावसाळे हा फोन मुंबईत आणि कोकणात वापरल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, पाण्याच्या अपघातातून सहीसलामत सुटण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु हौसेने पाण्यात नेण्यासाठी तो घेऊ नये. गंमत अशी की, कंपनीचे म्हणणेही याहून वेगळे नाही. फक्त सहा मीटरचा आकडा ती ठळकपणे मिरवते आणि उरलेले म्हणणे सूचनांच्या पानांत ठेवते.

त्या सूचना वाचण्याजोग्या आहेत. पाण्यापासूनचे संरक्षण कायमचे नसते आणि रोजच्या वापरातल्या झिजेने ते कमी होऊ शकते, ओला फोन चार्जिंगला लावू नये, आणि द्रव आत गेल्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरला जात नाही, हे ॲपल स्वतःच सांगते. काय टाळावे याची जी यादी कंपनीने दिली आहे, तीत फोन घेऊन पोहणे किंवा अंघोळ करणे, जोराच्या धारेखाली तो धरणे, सॉना किंवा वाफेच्या खोलीत तो नेणे आणि जाणूनबुजून तो पाण्यात बुडवणे या सगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे सहा मीटर खोलीचा उल्लेख करणारी कंपनीच फोन मुद्दाम बुडवू नका असेही बजावते. यात परस्परविरोध वाटतो खरा, परंतु आयपी हे मानांकन काय मोजते आणि काय मोजत नाही हे पाहिले की त्याचा उलगडा होतो.

आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन अंक दिले जातात. पहिला अंक धुळीचा असून तो सहाच्या पुढे जात नाही, आणि दुसरा अंक पाण्याचा असून तो शून्यापासून नवापर्यंत जातो. दुसरा अंक सात असेल, तर उपकरण एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकते. आठ असेल, तर त्याहून कठीण परिस्थितीत ते टिकते, पण ती परिस्थिती कोणती हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे ‘आठ’ म्हणजे सर्वत्र सारखीच खोली असे समजण्याचे कारण नाही. आयफोन ११लाही आयपी६८च होते आणि त्याची खोली दोन मीटर होती. आयफोन १२पासून त्याच दोन अंकांमागे सहा मीटर आले. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पाण्याचे पहिले सहा अंक एकावर एक चढणारे आहेत, म्हणजे सहाव्या पायरीवरच्या उपकरणाने आधीच्या पायऱ्या ओलांडलेल्या असतात. परंतु सात आणि आठ या बुडवण्याच्या चाचण्या आहेत, आणि त्या उत्तीर्ण झालेल्या उपकरणाला पाच-सहाची, म्हणजे जोरदार धारेची, परीक्षा दिलेली असणे बंधनकारक नाही. सहाव्या अंकाच्या चाचणीत साडेबारा मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर पाणी उपकरणावर सोडतात. आयफोन १३वर केवळ आयपी६८ लिहिलेले आहे. तेव्हा गाडी धुण्याच्या पाइपची धार किंवा धबधब्याचा मारा यांविषयी ते दोन अंक काहीही आश्वासन देत नाहीत.

शिवाय ही चाचणी नव्या कोऱ्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात आणि पाणी स्थिर असताना होते. समुद्राचे खारे पाणी, तरणतलावातले क्लोरीन, साबणाचा फेस किंवा रंगपंचमीचा रंग यांपैकी काहीच त्या टाकीत नसते. पाण्यात सूर मारताना खिशातल्या फोनवर येणारा दाब केवळ खोलीवरून काढता येत नाही, कारण त्यात आघाताची भर पडते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि एरवी ज्या सूक्ष्म छिद्रांवर थेंब अडून राहतो, त्यांतून तो आत शिरू शकतो. उन्हात तापलेला फोन एकदम गार पाण्यात पडला, तर आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी फटींकडे ओढले जाते. सुट्टीच्या दिवशी फोन ज्या पाण्याला सामोरा जातो, त्यातले बहुतेक या यादीत येते.

आता फोनकडे पाहू. डाव्या कडेला, आवाजाच्या बटणांच्या खाली असलेला सिमचा ट्रे पिनेने बाहेर काढला की, त्याच्या तोंडाशी रबराची एक बारीक काळी कडी बसवलेली दिसते. ती नखाला जेमतेम जाणवते, पण सिमच्या फटीतून पाणी आत न जाण्याची सारी भिस्त तिच्यावर आहे. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला असेल, तर ट्रे नीट बसल्यासारखा वाटतो आणि तरीही फट उरते. म्हणून सिम बदलताना ती कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि ओल्या फोनचा ट्रे कधीही उघडू नये. त्याच खाचेत विजेरीच्या उजेडात डोकावले की आत एक छोटी पांढरट पट्टी दिसते. पाणी लागले की ती लाल होते, आणि सेवा केंद्रातला तंत्रज्ञ आपले म्हणणे ऐकण्याआधी ती पाहतो. पडद्याच्या चारही कडांना चिकटपट्टीचे सील आहे, तर स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्या छिद्रांमागे हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी जाळी आहे. म्हणजे एकंदर संरक्षण रबर, गोंद आणि जाळी यांवर उभे आहे, आणि या तिन्ही वस्तू वयोमानाने थकतात. फोन एकदा फरशीवर आपटला आणि चौकट केसभर वाकली, तरी काच शाबूत असूनही सील सुटलेले असू शकते, आणि ते बाहेरून कळायला मार्ग नसतो.

प्रत्यक्ष वापरात हा फोन पावसाला दाद देत नाही. जुलैच्या सरींत स्थानकापासून घरापर्यंत हातात राहिला, चहा सांडल्यावर नळाच्या साध्या पाण्याने हलकेच धुऊन पुसला, आणि तो नीट चालत राहिला. चहा-कॉफी-सरबत सांडल्यास फोन नळाच्या पाण्याने धुण्याचा हा सल्ला कंपनीचाच आहे. अडचण होते ती पडद्याची, आणि ती या एकाच फोनची नाही. पडद्यावर थेंब पडले की ते बोटाच्या स्पर्शासारखे नोंदले जातात, नकाशा आपोआप सरकतो, भलताच क्रमांक लागतो. भर पावसात छायाचित्र काढायचे असेल, तर पडद्याच्या नादी न लागता आवाजाचे बटण दाबावे. ते शटरचे काम चोख करते. बोटे ओली असताना ठशाने उघडणारे फोन हमखास रुसतात, येथे चेहऱ्याने कुलूप उघडत असल्यामुळे तो प्रश्न उरत नाही, हा लहानसा पण पावसाळ्यात मोलाचा फायदा आहे. भिजल्यावर स्पीकरचा आवाज काही वेळ घशात अडकल्यासारखा येतो आणि पाणी निघून गेले की पूर्ववत होतो.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र चार्जिंगच्या तोंडाशी आहे. तेथे ओल असताना केबल लावली, तर फोन द्रव आढळल्याची सूचना देतो आणि चार्जिंग सुरू करत नाही. ओल्या पिनांमधून वीज वाहू लागली की त्यांचा मुलामा खाल्ला जातो, आणि खारे पाणी असेल तर ही झीज फार वेगाने होते. पाण्यात पडूनही वाचलेला फोन पुष्कळदा त्याच रात्री चार्जरला लावल्याने जातो. केबल काढावी, तोंड खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटावा आणि मोकळ्या हवेत ठेवावा. पुरता भिजला असेल, तर केबल लावण्याआधी किमान पाच तास थांबावे, असे कंपनी सांगते. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा आपल्याकडचा लाडका उपाय ती स्पष्टपणे नाकारते, कारण तांदळाचे बारीक कण तोंडात जाऊन नुकसान करू शकतात. निकड असेल, तर सूचना डावलून चार्जिंग करण्याची सोय दिलेली आहे; ती वापरू नये, असे मी म्हणेन.

जाहिरातीतला आकडा आणि वॉरंटीतली अट यांतले हे अंतर न्यायालयांपर्यंत आणि नियामकांपर्यंत पोहोचलेले आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. खोलीचे दावे प्रयोगशाळेतल्या विशिष्ट परिस्थितीत आणि स्थिर, शुद्ध पाण्यातच खरे ठरतात हे जाहिरातींतून पुरेसे स्पष्ट होत नाही, आणि दुसरीकडे द्रवाने झालेल्या बिघाडाला वॉरंटी नाकारली जाते, असा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने आपले काही गॅलेक्सी फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरता येतील असे चित्र जाहिरातींत उभे केले होते, प्रत्यक्षात ओल्या फोनचे चार्जिंग केल्यास तोंड गंजण्याचा धोका होता. तेथील फेडरल न्यायालयाने जून २०२२मध्ये १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हे दंड आयफोन १३साठी नव्हते, पण त्यातला मुद्दा या फोनलाही जसाच्या तसा लागू पडतो. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचा, वेगळ्याच कंपनीचा आयपी६८चा फोन विसर्जनाच्या वेळी गुडघाभर समुद्राच्या पाण्यात काही क्षण पडला, आणि सेवा केंद्राने लाल झालेली पट्टी दाखवून जवळजवळ नव्या फोनाएवढा खर्च सांगितला. खोली फुटा-दीड फुटाची होती, वेळ मिनिटभरही नव्हता, पण पाणी खारे होते. आयफोनसाठी ॲपलकेअर प्लस ही कंपनीची जादा पैसे भरून मिळणारी संरक्षण योजना घेतलेली असल्यास अपघाती बिघाड ठरावीक शुल्कात दुरुस्त होतो. समुद्राकाठी राहणाऱ्याने हा खर्च फोनच्या किमतीतच धरावा.

याच गुणावर फोन निवडायचा असेल, तर आता पर्याय आहेत. जून २०२४मध्ये भारतात आलेल्या ओप्पो एफ२७ प्रो प्लसवर आयपी६६, आयपी६८ आणि आयपी६९ असे तिन्ही आकडे आहेत आणि त्याची सुरुवात २७,९९९ रुपयांपासून होती. धारेची चाचणीही त्यात असल्यामुळे पावसात दुचाकीवर दिवस काढणाऱ्या माणसाला कागदावर तरी तो अधिक उपयोगाचा दिसतो. अर्थात नववा अंक गरम पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याचा आहे, समुद्राचा नव्हे, आणि सील म्हातारे होण्याचा नियम त्यालाही चुकलेला नाही.

आयफोन १३ची विक्री ॲपलने सप्टेंबर २०२४मध्ये थांबवल्यापासून तो प्रामुख्याने जुन्या बाजारात मिळतो, आणि तेथे आयपी६८चे नाव घेऊन वाढीव भाव सांगितला जातो. हा भाव देण्यापूर्वी सेटिंग्जमधील जनरलमध्ये जाऊन अबाउट उघडावे. पडदा, बॅटरी किंवा कॅमेरा बदललेला असेल, तर तेथे सुट्या भागांचा इतिहास दिसतो आणि भाग कंपनीचा नसल्यास तो अज्ञात असल्याचेही कळते. बाहेरच्या दुकानात पडदा बदलताना जुनी चिकटपट्टी खरवडून काढावी लागते आणि तिच्या जागी नवी, योग्य मापाची पट्टी बसवलीच जाईल याची खात्री नसते. बॅटरी बदलण्यासाठीही पडदाच उघडावा लागतो. त्यानंतर सिमच्या खाचेतली पट्टी पाहावी. ती लाल असेल, तर फोन घेऊ नये. ती पांढरी असून पडदा अज्ञात दाखवत असेल, तर फोन घ्यायला हरकत नाही, परंतु पाण्याचे संरक्षण मुळीच नाही असे धरून किंमत करावी आणि पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवावा.