घोडबंदर रोडला बघितलेला तारांगण शो, पोरांना घेऊन नक्की जा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फुगवायच्या घुमटातलं तारांगण आणलं होतं, विषय काय तर माणूस पृथ्वी न सोडता कायमचा टिकेल का. शो एकदम दमदार, पैसे वसूल!! 6.6 कोटी वर्षांपूर्वी 10 किमीच्या आसपासचा लघुग्रह मेक्सिकोत युकातानला आदळतो तो सीन डोक्यावर अख्ख्या घुमटभर दिसतो आणि लगेच आपलं बुलढाण्याचं लोणार दाखवतात, पुढे बसलेली पोरं बघतच राहिली. मग नासाचं डार्ट यान, 2022 ला डिमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम धडकवलं आणि त्याची शेजारच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची फेरी 33 मिनिटांनी कमी झाली, म्हणजे दगड आला तर इथेच राहून वाचायची सोय होऊ शकते, वेळेत दिसला पाहिजे फक्त. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. सूर्याचं मात्र काही करता येत नाही, तो हळूहळू तापतोय, साधारण 100 कोटी वर्षांत समुद्र आटणार, तेव्हा निघावंच लागेल.

मंगळ फार घाईत उरकला. तिथे हवेचा दाब आपल्या 1 टक्क्याहून कमी, जमिनीत विषारी क्षार, हे सांगायलाच हवं ना, नाहीतर पोरांना वाटतं इथलं बिघडलं की तिकडे शिफ्ट होऊ. माझ्या मते पुढची हजारो वर्षं तरी हेच घर नीट ठेवायचंय.

ब्लोअरचा आवाज खूप आहे, निवेदकाच्या जवळ बसा. आणि आजीआजोबा असतील तर खुर्च्या आधीच सांगून ठेवा, सगळे खाली सतरंजीवर बसतात.