मक्याची चूक सोडली, तर कोर्स ऐकण्यासारखा

यंदा हरभऱ्याच्या जागलीत मी एक आख्खा कोर्स ऐकून काढला. विषय आठव्या-नवव्या शतकातली युरोपातली शेती. बारा भाग, प्रत्येकी पाऊण तास, मराठी आवाजात, ४९९ रुपये. वर्धा जिल्ह्यातल्या सात एकरवाल्याला याचं काय पडलंय, हे बायकोनं विचारलंच. खरं सांगतो, जाहिरातीत नांगराचं चित्र होतं म्हणून पैसे टाकले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

आमच्याकडे ओलिताची लाइन रात्रीची. मोटर लावायची, मचाणावर बसायचं, एका कानात इयरफोन आणि दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा. पहिले दोन भाग झोप आणणारे आहेत. राजे, त्यांची मुलं, मुलांच्या वाटण्या. वाटण्या आम्हाला नव्या नाहीत. सरळ तिसऱ्यावर जा.

तिसऱ्यात शार्लमेन या फ्रँक राजाचं इ. स. ८००च्या आसपासचं एक फर्मान येतं. राजाच्या खासगी शेतीवरच्या कारभाऱ्यांसाठी काढलेलं. बागेत काय काय लावायचं त्याची यादीच दिली आहे, सत्तरच्या वर वनस्पती. त्यात मेथी, कोथिंबीर, जिरं आणि हरभरा ऐकून मी मचाणावर ताठ बसलो. खाली माझा हरभरा घाट्यावर आलेला, आणि हा माणूस बाराशे वर्षांपूर्वी तोच लावा म्हणून सांगतोय. त्याच फर्मानात लांडग्यांचंही कलम आहे. किती मारले ते कळवा, कातडी पाठवा, आणि मे महिन्यात पिल्लं शोधून विष, गळ, खड्डे, कुत्रे लावून पकडा. आमच्याकडे रोही आणि डुकरांनी पीक लोळवलं तर पंचनाम्यासाठी फोटो काढा म्हणतात. असो.

चौथा भाग सगळ्यात चांगला. पॅरिसच्या सेंट-जर्मेन मठाची ८२०च्या दशकातली खतावणी त्यात उलगडून दाखवली आहे. कोणत्या कुळाकडे किती जमीन, बायकोचं नाव काय, पोरं किती, मठाला द्यायचं काय, सगळं लिहिलेलं. बऱ्याच कुळांच्या नावावर तेच येतं: तीन कोंबड्या, पंधरा अंडी. शिवाय मठाच्या जमिनीवर नांगरट आणि वेठीचे दिवस. हा भाग मी दुसऱ्या दिवशी धाब्यावर (म्हणजे घराच्या सपाट छतावर, हॉटेलात नव्हे) बाबांना मोठ्यानं ऐकवला. बाबा ऐंशीचे आहेत. म्हणाले, "अबे, हे तर मालगुजाराचंच झालं. आबाजी सांगे, आधी त्याच्या वावरात वखर, मंग आपल्या." मालगुजार म्हणजे आमच्याकडचा जुना जमीनदार. कोंबडीचं विचारलं तर म्हणाले, "कोंबडी तं द्याच लागे. अंडे मोजून कोणी नेत नव्हतं." मठवाले जास्त काटेकोर निघाले.

पाचव्यात घोळ झाला. निवेदक गंभीर आवाजात सांगतो की त्या काळचे शेतकरी 'मक्याची' पेरणी करत. मूळ इंग्रजीतल्या 'कॉर्न'चं हे भाषांतर, हे कळायला इतिहास नको, बियाण्याच्या दुकानात एकदा गेलं तरी पुरे. इंग्लंडात कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य. मका युरोपात पोचला कोलंबसनंतर, म्हणजे १४९२च्या पुढे, सातशे वर्षं उशिरा. त्यातच 'राईची भाकरी'. बाबा म्हणाले, "मोहरीची भाकर खात होते? कडू लागंन न." ते राय नावाचं धान्य आहे, थंडीत आणि हलक्या जमिनीत तगणारं. एक वाक्य टाकलं असतं तर भागलं असतं.

नांगरावर सातवा भाग. ज्याच्यासाठी पैसे टाकले तोच निम्मा वाया गेला. हलका नांगर माती नुसती खरवडतो. जड नांगराला पुढे माती उभी चिरणारं पातं, खाली फाळ, बाजूला माती पलटवणारी फळी. इंग्लंडमध्ये केंट भागात लिमिंजला असं सातव्या शतकातलं पातं सापडलं आहे, ही माहिती भारी. पण मग वक्ता जड नांगरानं जग बदललं असं चार वेळा म्हणतो. कुठल्या मातीत ते विचारा ना! तिकडची चिकण जमीन पावसानं कायम ओली, पाणी निचरायला माती उलटवून वरंबे पाडावे लागतात. आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, स्वतःच नांगरली जाते. आबाजी कुंद्याचं तण माजलं तरच नांगर काढायचे, एरवी वखर. माती बाजूला ठेवून नांगराची गोष्ट सांगितली की ती दुकानदाराची गोष्ट होते.

उताऱ्याचं मात्र नीट सांगितलं आहे. एक माप पेरलं तर हाती तीन-चार, त्यातलं एक पुन्हा बियाण्याला. यावर अभ्यासकांत वाद आहे हेही वक्ता लपवत नाही. मी ओलिताच्या गव्हाला एकरी चाळीस किलो टाकून दहा क्विंटल आले तर तोंड वाकडं करतो.

ॲपबद्दल थोडक्यात: शेतात रेंज नसेल तर भाग उघडत नाही, घरूनच डाउनलोड करून न्या. मक्याबद्दल तीनदा लिहिलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं एकच उत्तर तीनदा आलं.

पाचपैकी साडेतीन. घ्यायचाच असेल तर नवव्या भागासाठी घ्या. ७९४ साली फ्रँकफर्टच्या सभेत शार्लमेननं धान्याचे भाव बांधले. एका मापाला ओट १ दिनार (तेव्हाचं चांदीचं नाणं), सातू २, राय ३, गहू ४. पीक भरघोस असो की टंचाई, याच्या वर विकायचं नाही. शेतकऱ्याला किमान किती मिळावं, यावर शब्द नाही. ८०६ साली आणखी एक हुकूम: सुगीत गरज नसताना २ दिनारला माप घेऊन ४ किंवा ६ दिनार होईपर्यंत दाबून ठेवणं ही घाणेरडी कमाई.

हे ऐकवलं त्या दिवशी कापूस हिंगणघाटला न्यायचा की थांबायचं, यावर घरात वाद चालू होता. बाबांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. पूर्ण ऐकला आणि विचारलं, "मंग? व्यापाऱ्यानं ऐकलं का त्याचं?"

ते कोर्समध्ये नाही.