मिरज जंक्शन : आठ महिन्यांच्या रोजच्या ये-जानंतर

मिरजेच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हापासून आठ महिने मी रोज ये-जा करतेय. पहिला महिना एसटीनं काढला. मग पॅसेंजर गाडीचा पास काढला आणि पगारातले चार पैसे मागे पडायला लागले.

किर्लोस्करवाडीच्या पुढचं आमचं स्टेशन लहान. फलाट इतका बुटका, की डब्याची पायरी गुडघ्याच्या वर येते. श्रावणात ओल्या पायरीवरून घसरले, नडगी सोलली. वरून एका काकींनी दंड धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून आईला पॅसेंजरनं आणत नाही.

मिरजेत उतरलं की मात्र बरं वाटतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांच्या गाड्या इथं. वडील सांगतात, एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रूळ इथं होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी गाडी इथूनच सुटली. पहिल्या खेपेला पाण्याच्या टाकीचे दहा डबे, पाच लाख लिटर. आपल्या कृष्णेचं पाणी. मला त्याचा आजही अभिमान आहे.

सकाळी फलाटावर एक्स-रेची पाकिटं छातीशी धरलेली माणसं दिसतात. "ताई, दवाखाना कुठल्या अंगाला?" कुणी विचारलं, की दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल, मी दारापर्यंत सोडते. परवा एकानं गोधडीत गुंडाळलेला तंबोरा आणला होता. गर्दी असूनही लोक आपसूक सरकले, खिडकीची जागा तंबोऱ्याला मिळाली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तो मान त्या डब्यात जास्त दिसला.

जीव जातो तो आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला. स्टेशन समोर दिसतंय आणि गाडी उभी. एकेरी मार्ग होता तेव्हा समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली हलायची नाही. दुहेरीकरणानं ते क्रॉसिंग सुटतं. पण जंक्शनला चारी बाजूंच्या गाड्यांना फलाट लागतो, एक्स्प्रेस आली की पॅसेंजर थांबते. हजेरीचं मशीन हे ऐकत नाही. म्हणून मी आता एक गाडी आधीची धरते, घरातून सहाला निघते.

पुढं कोल्हापूरला किंवा पंढरपूरला गाडी बदलणार असाल, तर मध्ये निदान तासभर ठेवा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल, तर जिना चढायलाच त्यातली दहा मिनिटं जातात.