ब्लू-रे रायटर पास, सोबतचं बॅकअप सॉफ्टवेअर नापास

ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच विचारायचंय, त्यांच्यासाठी आधीच सांगतो. ब्लू-रे डिस्क लिहिणारं यंत्र, म्हणजे रायटर, घ्या. त्याच्यासोबत येणारं बॅकअप सॉफ्टवेअर इन्स्टॉलसुद्धा करू नका. कंपनीचं नाव इथं देत नाही, कारण माझी तक्रार अजून मिटलेली नाही.

माझं कोल्हापुरात डीटीपीचं काम आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, मधूनच एखादं पुस्तक. काम छापून गेलं म्हणून फाइली टाकून देता येत नाहीत. चार-पाच वर्षांनी गिऱ्हाईक हमखास दारात येतं, "ते जुने फोटो असतील न्हवं तुमच्याकडं?" असं विचारत. एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहेच, पण मला एकदा लिहिली की कुणालाच बदलता येणार नाही अशी एक प्रत हवी होती. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर शिरला तर जोडलेली हार्ड डिस्क तो घेऊन बसतो. एकदाच लिहिता येणाऱ्या बीडी-आर डिस्कचं तो काही करू शकत नाही. म्हणून गेल्या दिवाळीआधी २५ जीबीच्या डिस्का लिहिणारा रायटर घेतला. (कोरी डिस्क विंडोजमध्ये २३.३ जीबी दिसते. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.)

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण तक्रार नाही. आवाज कमी, लिहिलेल्या डिस्का दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिनबोभाट वाचल्या जातात. फक्त स्वस्तातल्या यूएसबी हबला लावू नका, लिहिताना वीज कमी पडते. थेट पोर्टला लावा.

आता मूळ दुखणं. एका पतसंस्थेला त्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतले फोटो परत हवे होते. डिस्क घातली, फोल्डर उघडला. स्मरणिकेची फाइल होती, मजकूर होता, पण 'लिंक्स' फोल्डरमधल्या 'अध्यक्षांच्या घरून आणलेले जुने फोटो' या फोल्डरात निम्मेच फोटो. लिहिताना सॉफ्टवेअरनं हिरवी खूण करून 'बॅकअप पूर्ण' असं सांगितलं होतं. मूळ फाइली हार्ड डिस्कवर होत्या म्हणून गिऱ्हाइकाचं काम अडलं नाही. पण डिस्क घेण्याचं कारणच हार्ड डिस्क गेली तर हे होतं ना?

शोधत गेल्यावर सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे त्यानं केलेल्या कामाची नोंद, सापडला. मेन्यूत त्याचा उल्लेख नाही, तो एका लपवलेल्या फोल्डरात पडलेला असतो. त्यात गळलेल्या फाइलींपुढं 'पाथ टू लाँग, स्किप्ड' (पत्ता फार लांब, म्हणून वगळली) असं लिहिलेलं. आणि पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पत्ता, कसा दाखवलेला? 'डी:\पूर्ण...\...फोटो\स्कॅन...जेपीजी'. मधला सगळा पत्ता कापून तीन टिंबं! तक्रार काय, तर पत्ता लांब आहे. आणि तोच पत्ता पूर्ण लिहायची तयारी नाही. माझ्याकडं 'फोटो' नावाचे फोल्डर शेकड्यांनी आहेत. कोणत्या कामातला कोणता फोटो गळला हे या ओळीवरून कुणालाही कळणार नाही. मी या सॉफ्टवेअरचे मनातून दोन तारे कमी केले ते या तीन टिंबांमुळं. फाइल न घेणं एक वेळ समजू शकतो. कोणती घेतली नाही ते न सांगणं समजू शकत नाही.

कारण काय ते थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्व्हिस सेंटरवाल्यांना ते सांगता आलं नाही. विंडोजच्या जुन्या नियमानुसार फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो. ड्राइव्हचं अक्षर, कोलन, तिरकी रेघ आणि शेवटची न दिसणारी खूण यातच धरलेली. फोल्डरच्या पत्त्याला तर २४८ चीच मर्यादा. पण माझ्या फाइली डी ड्राइव्हवर विनातक्रार उघडत होत्या, म्हणजे त्या मर्यादेच्या आतच होत्या. मग डिस्कवर जाताना लांब कशा झाल्या? तर हे सॉफ्टवेअर आधी सगळ्याची तात्पुरती प्रत सी ड्राइव्हवर, यूजर्सच्या पोटात ॲपडेटा, त्याच्या पोटात टेम्प, अशा खोल जागी करतं आणि तिथून डिस्कवर लिहितं. या तात्पुरत्या जागेचा पत्ता माझ्या पत्त्याच्या पुढं चिकटतो. विंडोजचं स्वतःचं 'बर्न' सुद्धा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीच्या पद्धतीनं लिहिताना असाच एक बर्न फोल्डर वापरतं, आणि तिथपर्यंतचाच पत्ता साधारण ६० अक्षरांचा होतो. म्हणजे जागेवर २१० अक्षरांची असलेली निर्धोक फाइल वाटेत २६० ची वेस ओलांडते. वर्षानुवर्षं चालत असलेली फाइल डिस्कवर जातानाच का अडते, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

आपल्या नावांची आणखी एक गोष्ट आहे. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा मोजला जातो. 'सुवर्णमहोत्सवी स्मरणिका' ही डोळ्याला अकरा अक्षरं. कॉम्प्युटर मधली मोकळी जागा धरून २३ मोजतो. एक्सेलमध्ये लेन हे फंक्शन लावून बघा, हाच आकडा येईल. मला फोनवर सल्ला मिळाला की नावं इंग्रजीत लिहा. तेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर २६ होतात! २६० च्या हिशेबात रोमन लिपीचा काडीचा उपयोग नाही.

डिस्कवरच्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली आणि नावं मांडायच्या पद्धतीच्या, मर्यादा त्याहून वेगळ्या, आणि तिथं मात्र लिपीचा फरक पडतो. आयएसओ ९६६० ही १९८८ ची पद्धत. तिच्या सर्वांत कडक पातळीवर नाव आठ अक्षरं आणि एक्स्टेन्शन तीन, फोल्डर आठ पातळ्यांपर्यंत, आणि देवनागरी नाहीच. १९९५ चं जोलिएट देवनागरी घेतं, पण एका नावाला ६४ अक्षरं. माझी निम्मी नावं तिथं कापली जातील. यूडीएफ या तिसऱ्या पद्धतीत एका नावाला २५५ बाइट मिळतात, त्यातला पहिला खुणेसाठी जातो. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीला दोन, म्हणून आपल्याला १२७ अक्षरं. एवढी पुरतात. त्यामुळं मराठी नावांच्या फाइली डिस्कवर टाकणाऱ्यांनी फक्त यूडीएफ निवडावं, हे माझं स्पष्ट मत झालंय.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव लिहायलाच हवा. पहिल्या फोनवर, "सर, डिस्क लोकल कंपनीची आहे का?" मी म्हटलं, "अहो, डिस्कचा संबंधच नाही. तुमच्या सॉफ्टवेअरनं फाइल लिहायला घेतलीच नाही, लॉग पाठवलाय." तर म्हणे, "एकदा लेन्स क्लीन करून बघा सर." मग रायटर मागवून घेतला, दोन आठवडे ठेवला आणि 'नो प्रॉब्लेम फाउंड' अशी चिठ्ठी लावून परत पाठवला. जाण्याचा कुरिअर खर्च माझ्या खिशातून. यंत्रात बिघाड नाही हे मीच पहिल्या मेलमध्ये लिहिलं होतं. शेवटी एक वरिष्ठ फोनवर आले. ते म्हणाले, "ही विंडोजची लिमिट आहे सर, आमच्या हातात नाही. तुम्ही फोल्डरची नावं शॉर्ट करा."

नावं छोटी करा म्हणणं सोपं आहे. इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये प्रत्येक फोटोचा पत्ता नोंदवलेला असतो. मधल्या फोल्डरचं नाव बदललं की लिंक तुटू शकते आणि मग एकेक फोटो पुन्हा जोडत बसायचं. दीडशे पानांच्या स्मरणिकेत हे कुणी करायचं? आणि मर्यादेचं म्हणाल तर विंडोजसोबतच फुकट येणारी रोबोकॉपी ही कमांड २६० च्या पुढचे पत्ते सरळ कॉपी करते. विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या यादीत) लाँगपाथ्सएनेबल्ड ही नोंद १ केली की मर्यादा उठवता येते. अट एकच, वापरणाऱ्या प्रोग्रामनं 'मला लांब पत्ते चालतात' असं स्वतः जाहीर केलेलं असलं पाहिजे. मी नोंद बदलून पाहिली. या सॉफ्टवेअरवर काही परिणाम नाही, म्हणजे त्यांनी ते जाहीर केलेलंच नाही. ते काम त्यांच्याच हातातलं होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं, म्हणून मत थोडं बदलतो. आता काही फाइली गळल्या तर हिरवी खूण येत नाही, पिवळी येते, आणि 'इतक्या फाइली वगळल्या' असा आकडा दिसतो. ही सुधारणा खरी आहे आणि मला तिचं बरं वाटलं. तक्रारीचा उपयोग होतो म्हणायचा. पण यादी उघडली तर पुन्हा तीच तीन टिंबं! खिडकी ओढून रुंद होत नाही, ओळ कॉपी होत नाही. शिवाय 'नावं आपोआप छोटी करा' असा नवीन पर्याय दिलाय, तो चुकूनही वापरू नका. तो नाव मध्येच तोडून पुढं नागमोडी रेघ आणि आकडा लावतो. 'मुखपृष्ठ अंतिम' आणि 'मुखपृष्ठ अंतिम दुरुस्त' यांची एक नंबर, दोन नंबर अशी जोडी झाली, तर छपाईला गेलेली कोणती हे कसं ओळखायचं?

मी आता काय करतो ते सांगतो. लिहायच्या आधी रोबोकॉपीला फक्त यादी काढायला लावतो. एल या स्विचनं (कमांडपुढं लिहायच्या खुणेनं) ती काहीही कॉपी न करता यादी देते, एफपी लावला की पूर्ण पत्ता येतो. यादी फाइलमध्ये घेताना साधा लॉग नको, युनिलॉग वापरा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ती यादी एक्सेलमध्ये टाकून लेननं लांबी काढायची आणि मोठ्यापासून लहान लावायची. २०० च्या पुढचं जे असेल ते संशयित. पूर्ण पत्ता, एकही टिंब नाही, पाच मिनिटांचं काम.

मग त्या लांब फोल्डरांना सब्स्ट या कमांडनं तात्पुरतं ड्राइव्हचं अक्षर देतो. डी ड्राइव्हच्या पाच फोल्डर आत असलेली स्मरणिका एकदम 'एक्स:' होते. मूळ नावाला हात लागत नाही आणि पत्ता निम्म्यानं घटतो. कॉम्प्युटर बंद केला की हे अक्षर जातं, ते पुन्हा द्यायचं. एक अडचण जरूर लक्षात ठेवा: साध्या कमांड प्रॉम्प्टमधून दिलेलं अक्षर ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला दिसत नाही. दोन्ही एकाच पद्धतीनं उघडा. डिस्क लिहायला इमबर्न हा प्रोग्राम वापरतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तरी माझं काम चोख करतं. ते तात्पुरती प्रत न करता मूळ जागेवरूनच वाचतं, आणि त्यात फक्त यूडीएफ निवडता येतं.

डिस्क लिहून झाली की पुन्हा रोबोकॉपी, पुन्हा फक्त यादी, यावेळी एकीकडं मूळ फोल्डर आणि दुसरीकडं डिस्क. जी फाइल डिस्कवर नाही तिच्यापुढं 'न्यू फाइल' येतं. नाव कापलं गेलं असेल तरी तीही इथं पकडली जाते. वेळेतल्या एक-दोन सेकंदांच्या फरकानं उगाच यादी वाढू नये म्हणून एफएफटी स्विच लावायचा. यादी रिकामी आली की डिस्कवर तारीख लिहून कपाटात. हेच तपासण्याचं काम विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरनं स्वतः करायला हवं होतं, त्यासाठीच पैसे मोजले होते.

कुणी म्हणेल, सगळं एका सेव्हन-झिप फाइलमध्ये बांधून टाका. लांब पत्ते त्यात व्यवस्थित बसतात, मी करून पाहिलंय. पण डिस्कवर ओरखडा आला तर सुट्या फाइलींतली एखादी जाते, गठ्ठ्याचं मात्र बरंच काही धोक्यात येतं. शिवाय गिऱ्हाइकानं तो गठ्ठा डेस्कटॉपवरच्या लांब नावाच्या फोल्डरात सोडला की लांब पत्त्याचा तोच प्रश्न त्याच्या घरी उभा. गिऱ्हाइकाला डिस्क देताना मी आता सांगतो, "डी ड्राइव्हवर एका अक्षराचा फोल्डर करा आणि त्यात कॉपी करा, डेस्कटॉपवर नको."

तारे द्यायचे तर रायटरला चार, सॉफ्टवेअरला एक, आणि तोही पिवळ्या खुणेसाठी. जुन्या सॉफ्टवेअरनं लिहिलेल्या सगळ्या डिस्का मी वरच्या पद्धतीनं तपासतोय. ज्यांत फाइली गळल्यात त्या पुन्हा लिहाव्या लागताहेत, आणि त्या डिस्कांचे पैसे मी कंपनीकडं मागितलेत. सोबत युनिलॉगची पूर्ण पत्त्यांची यादी जोडलीय. उत्तर आलं की इथंच खाली लिहीन.