फ्रिजच्या दारावरचा सेन्सर : आत्यासाठी वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीला एकट्या राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी बसवलेल्या सेन्सरने ऐन पावसाळ्यात दगा दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आत्या रोज उठून नीट वावरते आहे ना, हे मला दुरून कळावे म्हणून तो बसवला होता. दार उघडले की सेन्सर ते हब नावाच्या छोट्या डब्याला कळवतो आणि हब घरातल्या राउटरमार्फत इंटरनेटवरून ती खबर माझ्या मोबाईलवरच्या अ‍ॅपला पाठवतो.

कॅमेरा आत्याला मान्य नव्हता. "कॅमेरा बसवलास तर त्याच्यावर फडकं टाकीन," असे तिने आधीच बजावले होते आणि तिचे म्हणणे रास्त होते. शेवटी तिच्या संमतीने फ्रिजच्या दारावर सेन्सर लावला. न्हाणीघर आणि निजायची खोली तिने वर्ज्य ठरवली. रोजच्या वापरातल्या वस्तूवरून खबर घेण्याची ही कल्पना जुनीच आहे. जपानमध्ये जोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये ‘आय-पॉट’ नावाचे पाणी गरम ठेवणारे भांडे आणले होते. म्हातारी माणसे त्यातून पाणी घेत, तेव्हा त्याची खबर दूरच्या नातेवाइकांना ईमेलने मिळत असे. आत्याचा चहा गॅसवर होतो, पण दूध फ्रिजमधूनच निघते आणि तेही सहाच्या सुमारास. आठपर्यंत दार उघडले नाही तर मला सूचना यावी, एवढाच नियम अ‍ॅपमध्ये घातला. दाराच्या कडेचा तेलकट थर स्पिरिटने पुसल्याखेरीज सेन्सरच्या मागची दुहेरी चिकटपट्टी धरत नाही, हे बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सुरुवातीला मी या वस्तूवर बेहद्द खूश होतो. दरमहा वर्गणी नाही, बटणाएवढा सेल आणि आत्याला काही शिकावे लागत नाही. मात्र पावसाळ्यात एका रात्री तिच्याकडची वीज गेली, राउटर आणि हब दोन्ही बंद पडले आणि सकाळी मला काहीच सूचना आली नाही. अ‍ॅपमध्ये ‘दार बंद’ अशी रात्रीची जुनीच नोंद दिसत होती. नियम हबमध्येच चालत असल्यामुळे हब बंद पडला की आठ वाजल्याचे कळणारेच कोणी उरत नाही. आत्या सुखरूप होती, परंतु ती पडली असती तरी माझ्या मोबाईलवर हीच शांतता राहिली असती. मला या दोषापुढे बाकी सगळे गुण फिके वाटतात, कारण ज्या यंत्राचे कामच काही घडले नाही तर कळवण्याचे आहे, त्याने स्वतः बंद पडल्याचे आधी कळवले पाहिजे.

कंपनीच्या ग्राहक सेवेने प्रत्येक वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले. मी विचारत होतो की हब ऑफलाइन गेल्याची सूचना का येत नाही आणि ते मला सिग्नलची ताकद विचारत होते. अखेर त्यांनी हब बदलून दिला, पण नव्या हबशी सेन्सर जोडण्यासाठी मला पुण्याहून सांगलीला जावे लागले. दोष मात्र तसाच राहिला.

त्यानंतर मी नियमच उलटा केला. आता सकाळी पहिल्यांदा दार उघडले की मला संदेश येतो, आणि तो न आल्यास मी फोन करतो. राउटर आणि हब छोट्या यूपीएसवर ठेवले. फोन उचलला नाही तर काय, याचीही सोय हवी. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली दिली आहे. या बदलानंतर माझे मत बरेच निवळले, आणि ज्याची अपेक्षा नव्हती असा एक लाभही झाला. पूर्वी सकाळी धास्तीने "उठलीस ना? बरी आहेस ना?" एवढेच विचारून फोन ठेवत असे, आता संध्याकाळी निवांत फोन होतो, आणि आत्या भिशीतल्या भांडणापासून गुडघ्यापर्यंत सगळे सांगते.

सेन्सर जरूर घ्यावा. हबबद्दल मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला त्याची वीज काढायला लावावी आणि मोबाईलवर सूचना किती वेळात येते ते पाहावे. येत नसेल तर तो हब कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.