कूलिंग किटच्या नावाखाली माझे १४,६५० रुपये गेले, तुमचे सांभाळा

अ‍ॅस्ट्रो कॅमेऱ्यासाठी (ताऱ्यांचे फोटो काढणारा) ‘तयार कूलिंग किट, फक्त स्क्रू आवळा’ असं सांगणारा कुणी भेटला तर आधी हे वाचा. किटचे ११,८०० आगाऊ दिले. मग ‘चेंबर हवाबंद करून देतो’ म्हणून आणखी २,८५०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

‘पेल्टिअर स्वतः का नाही जोडलास?’ हे मला ऐकवू नका. (पेल्टिअर म्हणजे करंट दिला की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारं चपटं मॉड्यूल.) तांब्याचा कोल्ड फिंगर (थंडावा सेन्सरपर्यंत नेणारा तुकडा) घडवायला माझ्याकडे मशीन नाही, आणि आत दव धरलं तर कॅमेराच जातो. कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६ अंशांनी थंड झाला की डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये वाहणारा, फोटो खराब करणारा करंट) निम्मा होतो. १८ अंशांनी उतरवला तर आठवा हिस्सा. लाँग एक्स्पोजर (बराच वेळ शटर उघडं ठेवून फोटो) करणाऱ्या कुणालाही हा मोह पडणारच.

पण तो व्हिडिओ! उघड्या हवेत तांब्याची पट्टी, शेजारी स्क्रीनवर वजा १८.४, आणि पट्टी लख्ख कोरडी. अहो, इतक्या थंड धातूवर बघता बघता पांढरं हिव धरतं! नजर आकड्यावर खिळलेली, पट्टीकडे बघतो कोण? शिवाय गडी माझ्या सेन्सरचा मॉडेल नंबर घेऊन बोलत होता. कुणीही विश्वास ठेवला असता.

किट आलं. पेल्टिअर मॉड्यूलवर टीईसी१-१२७०६ हा मॉडेल नंबर छापलेला. हीटसिंकवर पेस्ट लावून बसवलं (हीटसिंकशिवाय पेल्टिअरला करंट देऊ नका, जळतो), १२ व्होल्ट दिले, तर जेमतेम २ अँपिअर. अस्सल मॉड्यूल याच्या दुपटीहून जास्त ओढतं. स्क्रीनवर मात्र तापमान झरझर उतरत होतं. मी पेल्टिअरची वायरच उपसली. तरी उतरतंय! वजा १२, वजा १५, आणि बरोब्बर वजा १८.४ वर थांबलं. तापमानाच्या सेन्सरची वायर सोलली तर काळ्या नळीच्या आत कापलेली. कशालाच जोडलेली नाही.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार वैध. पेमेंट अ‍ॅपने तक्रार क्रमांक दिला आणि ‘निराकरण झाले’ असा मेसेज टाकून ती बंदही केली. कसलं निराकरण? पोलिसांकडे गेलो तर, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कशी?’ खोटं तापमान दाखवणारी स्क्रीन टेबलावर चालू करून दाखवली. साहेब म्हणाले, ‘थंडच करायचाय तर फ्रिजमध्ये ठेवा.’ शेजारचे हवालदार हसले. अर्ज घेतला, पोच मागितली तर ‘उद्या या’. ज्या ग्रुपवर हा माणूस भेटला तिथल्या अ‍ॅडमिनने माझीच पोस्ट उडवली, ‘वैयक्तिक वाद नकोत’ म्हणून. त्याची जाहिरात अजून तिथेच आहे.

घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर अँमीटर (करंट मोजणारं यंत्र) लावायला सांगा. तापमान त्याच्या स्क्रीनवर नाही, वेगळ्या थर्मामीटरवर बघा. आणि पेल्टिअर बंद करायला लावा: आकडा वर चढला नाही तर फोन ठेवा.