केळीसाठी मुनवा की टिश्यू कल्चरचं रोप?

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू, टिश्यू कल्चरचं रोप प्रयोगशाळेत वाढवलेलं. चवीचा फरक या दोघांत शोधू नये, तो जातीचा असतो. ‘टिश्यू कल्चर म्हणजे जनुकं बदललेलं’ हेही डोक्यातून काढावं. मुनवा हीसुद्धा आईची नक्कलच. प्रयोगशाळेत तेच काम बरणीत होतं, इतकंच.

मुनवा शेजारच्या कुळागरातून (बागायतीतून) फुकट मिळतो. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा, अर्धा-पाऊण किलो कंदाचा घ्यावा. रुंद पानांचा टवटवीत दिसतो, पण घड हलका देतो. इथवर सोपं. डोकेदुखी असते ती कंदात दडलेल्या सोंडकिडीच्या अळीची आणि सूत्रकृमींची, म्हणजे मुळं पोखरणाऱ्या सूक्ष्म जंतांची. मुळं छाटून कंद पांढरा होईपर्यंत तासायचा, काळे बोगदे दिसले तर फेकायचा, मग ५३ ते ५५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं बुडवायचा. तापमान कमी पडलं तर सूत्रकृमी वाचतात, जास्त झालं तर कोंबच शिजतो. भाणात (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यात) गार कंद टाकले की पाणी लगेच निवतं. म्हणून एका वेळी थोडेच कंद, भरपूर पाणी आणि थर्मामीटर. दहा-वीस कंदांना हे जमतं. दोनशे कंद असले की कंटाळा येतो, एखादी खेप कच्ची राहते आणि कीड सगळ्या बागेत जाते. माझा कौल फिरला तो इथेच.

टिश्यू कल्चरचं रोप हे दोन्ही पाहुणे आणत नाही. हार्डनिंग (बाहेरच्या हवेची सवय) पुरं झालेलं, फूटभर उंच, पाच-सहा पानांचं घ्यावं. खुजी किंवा चट्टेरी पानांची रोपं तिथेच बाजूला काढावीत. जुलैच्या धारेत लावलं तर खड्ड्यात पाणी साचून कुजतं. सप्टेंबरात लावलं तर वर्षभरात, गणेशचतुर्थीच्या माटोळीच्या सुमारास, बरेचसे घड जवळपास एकदम उतरतात. मुनव्यांचे मागेपुढे महिनोन्‌महिने येत राहतात. घरापुरती केळी हवी असतील तर तेच बरं. पर्णगुच्छ हा विषाणूरोग मात्र या रोपांतूनही येऊ शकतो, कारण मातृझाड रोगी असेल तर सगळी रोपं रोगी. तेव्हा विषाणू-चाचणीचं प्रमाणपत्र मागावं.

नैतिक प्रश्न आहे तो वेगळाच. प्रयोगशाळा खपणारी जात वाढवते, म्हणजे बहुतेक वेळा जी-९ (ग्रँड नैन). एकाच जातीवर विसंबल्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर रोगाने ग्रो मिशेल ही केळीची जात जगाच्या बाजारातून घालवली. मयड्याचं केळं किंवा रसबाळी अशी गावठी जात लावायची तर बहुधा मुनवाच शोधावा लागेल, आणि भाणही तापवावं लागेल.